वीर, राक्षस आणि वीस बाजूंचा फासा

दिवाळीच्या सुटीत नातवंडे घरी जमली, की आमच्या अंगणात किल्ला उभा राहिल्यावाचून राहत नाही. विटांचे तुकडे, ओली माती, उतारावर पेरलेले हळीव, बुरुजांवर मातीचे मावळे आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. गेल्या दिवाळीत धाकटी मंडळी अशी चिखलात रंगली असता थोरला नातू आपल्या चार मित्रांना घेऊन ओसरीवर बसला होता. तो आता कॉलेजात जातो. किल्ल्याच्या चिखलात हात घालणे त्याला कमीपणाचे वाटते. त्यांच्यापुढे ना सोंगट्यांचा पट होता, ना पत्ते. होते फक्त कागद, पेन्सिली, चिवड्याची ताटली आणि काही चमत्कारिक फासे. एका फाशाला तर चांगल्या वीस बाजू होत्या! एक जण म्हणे, “मी दार हळूच ढकलतो.” दुसरा म्हणे, “मी मंत्र म्हणतो.” आणि नातू गंभीर चेहऱ्याने सांगे, “दाराआड पायरव ऐकू येतो आहे.”

थोड्या वेळाने मोठाच गलका झाला. त्यांच्या वीरांनी ‘ऑर्क’ नावाच्या राक्षसी जातीचा एक जीव जिवंत पकडला होता आणि त्याचे काय करावे यावर वाद पेटला होता. “मारायचाच! तो दुष्टच असतो, पुस्तकात तसे लिहिले आहे,” असे मुलांचे म्हणणे. तेवढ्यात किल्ल्यावरून चिखलाच्या पायांनी आलेली माझी दहा वर्षांची नात म्हणाली, “पण त्याने केलंय काय?”

कोणालाच उत्तर देता येईना. शेवटी नातू माझ्याकडे वळला. “आजोबा, तुम्हीच सांगा.”

मला त्या खेळातले ओ की ठो ठाऊक नव्हते. “वाचून सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे वर्षभर खरोखरच वाचीत गेलो आणि लक्षात आले, की माझ्या नातीने जो प्रश्न विचारला तो या खेळाच्या साऱ्या इतिहासालाच पुरून उरलेला आहे. हा लेख म्हणजे एक वर्ष उशिरा दिलेले उत्तर होय.

या खेळाचा उगम पाहू गेल्यास आपण थेट प्रशियाच्या सैन्यात जाऊन पोहोचतो. 1824 साली राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने, आपल्या वडिलांनी रचलेल्या खेळात सुधारणा करून, नकाशावर युद्ध खेळण्याची पद्धत सिद्ध केली. दोन्ही बाजूंचे खेळाडू पंचाला आपले हुकूम देत. पंच फासे टाकून परिणाम सांगे. तो खेळ सेनापती घडविण्यासाठी होता. पुढे 1913 साली एच. जी. वेल्स या विख्यात इंग्रज कादंबरीकाराने शिशाच्या शिपायांनी घरच्या जमिनीवर खेळावयाच्या लुटुपुटीच्या युद्धाचे नियम पुस्तकरूपाने छापले. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, असा त्याचा त्यात आग्रह होता. दुसऱ्याच वर्षी युरोपात खरे महायुद्ध पेटले, हे दैवाचे विडंबनच म्हणावयाचे.

या खेळांत शिपाई होते, पण माणसे नव्हती. शिपाई पडला की उचलून पेटीत ठेवावयाचा. त्याचे नाव काय, त्याच्या मनात काय होते, हे विचारण्याचे कारण नसे. ते कारण प्रथम निर्माण झाले अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, 1969 च्या सुमारास. डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ या कल्पित जर्मन गावाचा खेळ मांडला. नेहमीप्रमाणे दोघांना सेनापती केले. परंतु जमलेले गडी जास्त, म्हणून उरलेल्यांना त्याने गावातील भूमिका वाटल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. झाले! सैन्ये गावाबाहेर राहिली आणि गावातल्या मंडळींनी कट, सौदे आणि भांडणे यांचा असा काही धुमाकूळ घातला, की पंचाच्या हातून सारा खेळ निसटला. आपला बेत साफ फसला, असे वेस्लीला वाटले. पण खेळाडूंनी दुसऱ्याच बैठकीची मागणी केली! सोंगटीत जीव आला होता.

त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने ही युक्ती उचलली आणि नेपोलियनच्या जागी जादूचे राज्य आणले. ‘ब्लॅकमूर’ हे त्याचे कल्पित संस्थान; तेथील किल्ल्याखाली अंधारी भुयारे आणि भुयारांत भुतेखेते. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स हा असाच एक युद्धखेळांचा वेडा गृहस्थ राहत असे. विमा कंपनीतील नोकरी 1970 साली सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करून तो संसाराला हातभार लावी आणि उरलेला वेळ खेळांचे नियम लिहिण्यात घालवी. 1972 साली आर्नेसनने त्याला ब्लॅकमूर खेळून दाखविले. दोघांच्या खटपटीतून 1974 च्या आरंभी तीन चोपड्यांची एक पेटी निघाली: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या 1000, पेट्या हातांनी भरलेल्या. वर्ष उलटण्याच्या आत त्या संपल्या. आज जगात जेवढे म्हणून ‘भूमिका घेऊन खेळावयाचे’ खेळ आहेत, मग ते कागदावरचे असोत की संगणकावरचे, त्या सर्वांचे मूळपुरुषपण या पेटीकडे जाते.

आता या खेळातील पात्रांकडे वळू. आपल्या नाट्यशास्त्रकारांनी नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. गायगॅक्स-आर्नेसन यांनी आरंभी तीनच सांगितले: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. पहिला बळावर जगतो, दुसरा विद्येवर, तिसरा श्रद्धेवर. प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण तीन तीन फासे टाकून ठरावयाचे. म्हणजे जन्मतः काय मिळाले ते दैवाधीन, पण त्याचे पुढे काय करावयाचे ते मात्र आपल्या हाती.

यांपैकी धर्मोपदेशकाच्या जन्माची कथा मोठी मनोरंजक आहे. ब्लॅकमूरच्या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनले आणि इतके बलाढ्य झाले, की इतरांचा टिकाव लागेना. तेव्हा भयपटांतील पिशाचमारक पंडिताच्या धर्तीवर, क्रूस हाती घेतलेले एक नवे पात्र त्याच्या बंदोबस्तासाठी निर्माण करण्यात आले. खलपुरुष आधी आला आणि त्याला पुरा पडावा म्हणून नायक मागाहून घडविला गेला! आपल्या पुराणांत तरी याहून वेगळे काय घडते? आधी असुर वर मिळवून मातावयाचा आणि मग त्या वरातील नेमकी फट शोधून देवाने अवतार घ्यावयाचा, हीच तर रीत.

1975 साली आणखी दोन पात्रे आली. एक चोर. कॅलिफोर्नियातील खेळाडूंकडून ही कल्पना आली आणि गायगॅक्सने तिला नियमांत बसविले. कुलपे उघडणारा, सावलीत लपणारा हा प्राणी अद्भुतकथांतून आधीच वाचकांचा लाडका झाला होता. टॉल्किनच्या 1937 सालच्या ‘द हॉबिट’ मधला बिल्बो चोर म्हणूनच तर मोहिमेवर जातो. दुसरे पात्र पॅलाडिन, म्हणजे फ्रान्सच्या शार्लमेन राजाच्या कथांतील निष्कलंक धर्मवीर. तो स्पर्शाने जखमा बऱ्या करतो, रोग त्याला शिवत नाहीत. मात्र तो होण्यासाठी व्यक्तिमत्त्वाचा गुण 18 पैकी निदान 17 पडला पाहिजे. तीन फाशांचा हिशेब मी मांडून पाहिला. 216 शक्यतांपैकी अवघ्या 4 अनुकूल, म्हणजे चौपन्नांत एक! शिवाय एक जरी अधर्माचे कृत्य हातून घडले, तर ते तेज कायमचे जाणार. नायकपण दुर्मिळ असते आणि ते टिकविणे त्याहून कठीण, हे या रूक्ष नियमाने सांगून टाकले आहे.

आता मुख्य प्रश्न: चांगला कोण आणि वाईट कोण? पहिल्या पेटीत असे शब्दच पात्रांच्या माथी मारलेले नव्हते. तेथे बाजू तीन: नियम, तटस्थता आणि अनागोंदी. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आलेली. परंतु ‘नियम’ म्हणजेच सज्जनपणा काय? नियमाने चालणारा माणूस क्रूर असू शकत नाही काय? 1976 च्या फेब्रुवारीत गायगॅक्सने एक लेख लिहून सुष्ट-दुष्ट ही दुसरी रेषा पहिल्या रेषेला छेद देत आखली आणि 1978 पर्यंत तीन गुणिले तीन अशी नऊ घरे तयार झाली. नियम पाळणारा सज्जन एका कोपऱ्यात. नियम मोडून गरिबांना देणारा रॉबिन हूड दुसऱ्या. कायद्याच्या अक्षराआडून गळा कापणारा जुलमी तिसऱ्या. आणि कसलाच विधिनिषेध नसलेला विध्वंसक चौथ्या. मधल्या घरांत उरलेले जग.

या नऊ घरांत महाभारत बसवून पाहण्याचा नाद मला लागला आणि दोन रात्री झोप उडाली. शकुनी सोपा, द्यूताचा डाव मांडतो रीतसर आणि पोटात ठेवतो विष. विदुरही सोपा. पण भीष्माचे काय? प्रतिज्ञेला तो जागला खरा, परंतु द्रौपदीच्या प्रश्नावर भर सभेत त्याला उत्तर सुचले नाही. नियम पाळणारा तो, पण त्या दिवशी सज्जनांत त्याची गणना करावी काय? आणि कर्ण? दाता कर्ण एका घरात, सभेत द्रौपदीचा उपमर्द करणारा कर्ण दुसऱ्या घरात. युधिष्ठिराचा रथसुद्धा एका अर्धसत्याने जमिनीला टेकला. जो जो मोठा मनुष्य, तो तो एका घरात मावत नाही. आपल्या शास्त्रकारांना हे ठाऊक असावे. कारण धनंजयाने दहाव्या शतकातील ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे वर्णन करताना ‘धीरोद्धत’ हाच शब्द योजला, जो नायकाच्या एका प्रकारालाही लागू आहे. नायक आणि खलनायक यांचे रक्त निराळे नसते.

परंतु खेळातील राक्षसांना ही मोकळीक नव्हती. वीराने आपले घर निवडावे. राक्षसाचे घर पुस्तकातच छापलेले. 1977 सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसकोशात प्रत्येक जातीपुढे तिची नीती नोंदविलेली आहे, जणू जनावराचे वजन नोंदवावे तशी. ऑर्क: दुष्ट. अमुक: दुष्ट. आणि पाने उलटता उलटता माझा हात थबकला. तेथे चक्क आपला ‘राक्षस’ होता, याच नावाने! तोंड वाघाचे, अंगात साहेबी झगा, हातात धूम्रपानाची नळी. मूळ ठिकाण हिंदुस्थान. नीती: नियम पाळणारा दुष्ट. मरण: मंत्रवलेल्या बाणाने.

हे सोंग आले कोठून? रामायणातून नव्हे. 1974 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एका भयमालिकेचा भाग दाखविला गेला. त्यातील राक्षस बळीच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन समोर येतो आणि मंत्रवलेल्या बाणानेच मरतो. वर्षभरात तो खेळाच्या नियतकालिकात आला आणि तेथून कोशात. मात्र एवढ्या वेड्यावाकड्या प्रवासातही त्याचे मायावीपण सुटले नाही. सुवर्णमृग झालेला मारीच आणि भिक्षेकरी होऊन दारी आलेला रावण यांची सावली त्या झगेवाल्या वाघावर पडलेली दिसतेच. सुटले ते एवढेच, की राक्षसकुळातच बिभीषणही जन्मला होता. बिभीषणाला त्या कोशात जागा नव्हती.

पुढची गोष्ट त्या कोशाच्या भिंतींना तडे कसे गेले त्याची आहे. ट्रेसी हिकमन या गृहस्थाला एका खेळात भुयाराच्या कोपऱ्यात उगीच उभे असलेले पिशाच भेटले. त्याला वाटले, हा येथे करतो काय? त्याने आणि त्याची पत्नी लॉरा हिने मिळून त्या पिशाचाला पूर्वायुष्य दिले: भावाच्या वाग्दत्त वधूवर जडलेला लोभ, त्यापायी केलेली भावाची हत्या आणि नशिबी आलेले अनंत एकाकीपण. 1983 साली ‘रेव्हनलॉफ्ट’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. खलपुरुष भयंकरच राहिला, पण त्याच्या दुष्टपणाला आता कारण होते; आणि कारण असले, की न्याय करावा लागतो, नुसता वध करून भागत नाही. 1988 साली आर. ए. साल्व्हाटोरे या कादंबरीकाराने याहून धीट पाऊल टाकले. ‘ड्राउ’ ही पाताळवासी, काळ्या वर्णाची, जन्मदुष्ट ठरविलेली जात. तीतलाच ड्रिझ्ट नावाचा एक योद्धा त्याने आपल्या कथेत उतरविला, जो आपल्या लोकांची क्रूरता सोडून निघून येतो. सहायक म्हणून आलेला हा पाहुणा वाचकांनी नायक करून टाकला. बिभीषण अखेर पोहोचला म्हणावयाचा!

याच दशकात खेळावर बाहेरूनही संकट आले. हा खेळ मुलांना सैतानाची पूजा शिकवितो, अशी अमेरिकेतील अनेक पालकांची समजूत झाली आणि मोठे काहूर उठले. 1989 च्या नव्या आवृत्तीत प्रकाशकांनी ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच गाळून त्या जातींना नवी, अनाकलनीय नावे दिली. नावे बदलली, पात्रे तीच. मुलांना काय त्याचे! अंधाराचे नाव बदलल्याने दिवा लागत नाही.

दिवा लावण्याचा एक प्रयत्न मात्र संगणकावरच्या खेळात झाला. रिचर्ड गॅरियट या तरुणाने 1985 साली ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथा खेळ असा रचला, की त्यात मारावयाला कोणी महादुष्टच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, स्वाभिमान, अध्यात्म आणि विनम्रता हे आठ गुण अंगी बाणवणे हाच विजय. आरंभी प्रश्न विचारले जातात तेही पेचाचे: दोन्ही पर्याय चांगले, मग थोरला कोणता? आणि जो आठही गुण साधेल त्याला पदवी कोणती? ‘अवतार’! आपला राक्षस जसा सोंग बदलून तिकडे गेला, तसा आपला अवतारही गेला. मात्र तेथे देव खाली उतरत नाही, साधा माणूसच वर चढतो.

खुद्द ज्यांनी नऊ घरे आखली, त्यांच्या आयुष्याचेही कोडे त्या घरांनी सुटले नाही. मानधन आणि श्रेय यांवरून आर्नेसनने 1979 साली कज्जा केला. 1981 साली तो आपसांत मिटला. गायगॅक्सलाही 1986 साली आपल्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. 2008 साली गायगॅक्स वारला, 2009 साली आर्नेसन. यांत नायक कोण आणि प्रतिनायक कोण? एकाच्या कल्पनेवाचून खेळ जन्मला नसता आणि दुसऱ्याच्या चिकाटीवाचून तो छापला गेला नसता. कागदावर वीर-राक्षस वेगळे करणे सोपे. शेजारी बसलेल्या दोन मित्रांत ती रेघ ओढणे महाकठीण.

अखेर 2020 च्या जून महिन्यात खेळाच्या नव्या मालकांनी जाहीर केले, की ऑर्क आणि ड्राउ यांना यापुढे इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे, बऱ्यावाईटाने भरलेले समाज म्हणून रंगविले जाईल. एक अख्खी जात जन्माने दुष्ट ठरविणे हे जगातील खऱ्या जनसमूहांविषयी पूर्वी जे बोलले गेले आणि आजही बोलले जाते, त्याची आठवण करून देणारे आहे, ही कबुली त्यामागे होती. 2024 सालच्या नियमपुस्तकात ऑर्क हा खेळाडूने घ्यावयाच्या भूमिकांत इतरांच्या बरोबरीने बसला. जुन्या खेळाडूंपैकी काहींना हे रुचले नाही. मोकळ्या मनाने मारता येईल असा शत्रू हवा, खेळ तो खेळ, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच फोल नाही. अंगणातल्या किल्ल्यावरही मुले शत्रूच्या शिपायाचे चरित्र विचारीत नाहीत. परंतु ज्या खेळात सोंगटीला नाव दिले आणि मन दिले, त्या खेळात समोरच्याचे मन कायमचे झाकून ठेवता येत नाही. पन्नास वर्षे लागली, पण झाकण उघडले.

आणि आता माझ्या नातवाला, व विशेषेकरून नातीला, उत्तर. ते शोधावयाला मला अमेरिकेला जावे लागले खरे. पण ते आपल्या दिवाळीतच होते. नरकचतुर्दशीला पहाटे आपण नरकासुर म्हणून पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो; गोव्यात तर त्याचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात. हा नरकासुर कोणाचा मुलगा? पुराणे सांगतात, भूमातेचा आणि वराहरूपी विष्णूचा. जन्म साक्षात देवाच्या पोटी, पण केले काय? सोळा हजार स्त्रिया बंदीत डांबल्या. दोनच दिवसांनी पाडवा येतो आणि त्या दिवशी ओवाळताना आपल्या आयाबहिणी इडापिडा टळावी म्हणून कोणाचे राज्य मागतात? बळीचे! तो तर हिरण्यकशिपूच्या वंशातला, विरोचनाचा पुत्र, अस्सल असुर. पण दिलेल्या शब्दासाठी त्याने आपले मस्तक पुढे केले.

म्हणजे देवाच्या मुलाला आपण पायाखाली चिरडतो आणि असुराच्या मुलाचे राज्य परत येवो म्हणतो, एकाच सणात, दोन दिवसांच्या अंतराने. आपल्या वाडवडिलांनी कोशात जात लिहिली असेल, पण पूजा मात्र करणी पाहूनच केली.

तेव्हा बाळांनो, तुमच्या त्या ऑर्कला मारावे की सोडावे हे मी सांगणार नाही. तो डाव तुमचा आहे. एवढेच सांगतो, की फासा टाकण्यापूर्वी ताईने विचारले ते विचारीत जा. “पण त्याने केलंय काय?” या दिवाळीला तुम्ही पुन्हा ओसरीवर बसाल, तेव्हा तिलाही एक कागद आणि पेन्सिल द्या. चिखलाचे पाय धुऊन येईल ती.